लाल ऑटोमॅटिक सिग्नल पास केल्यावर पुढचा पिवळा दिसला, तर वेग वाढवता येतो का?

शिकाऊ_एएलपी: जीआर (रेल्वेचे जनरल रूल्स) ९.०२ वाचतोय. 'ए' मार्करचा, म्हणजे ऑटोमॅटिक, सिग्नल लाल असेल तर उभं राहायचं, दिवसा १ मिनिट, रात्री २. मग शिट्टी, गार्डशी सिग्नलची देवाणघेवाण आणि सावकाश पुढे. इथपर्यंत ठीक. पण निघाल्यावर लांबूनच पुढचा सिग्नल पिवळा दिसला, तर नॉर्मल वेग धरायला हरकत काय? आणि सेमी-ऑटोमॅटिकलाही (जो स्टेशनच्या ताब्यातही घेता येतो) हेच का?

डबल_यलो: हरकत आहे. पुढचा सिग्नल त्याच्या पलीकडचं सांगतो. तुमचा लाल ज्यामुळे आलाय ते त्याच्या अलीकडेच असणार. समजा, पुढच्या मालगाडीचं कपलिंग तुटलं आणि मागचे चार वॅगन तिथेच राहिले. इंजिन पुढे जात राहिलं की पुढचा सिग्नल पिवळा होईल, हिरवासुद्धा होईल, आणि वॅगन मात्र तुमच्या वाटेत उभे. रूळ तुटला असला तरी तेच. म्हणून त्या सिग्नलपाशी पोहोचल्यावरच त्याचं ऐकायचं. तोवर फार तर ताशी १५ किमी, वळण, धुकं, पाऊस असेल तर १०.

शिकाऊ_एएलपी: आमच्या बॅचमध्ये काहीजण दिवसा १५, रात्री १० असं पाठ करतात.

जुना_लॉबीवाला: घड्याळापेक्षा दृश्यतेवर जा, आणि आपल्या झोनचा एसआर (जीआरला जोडलेले झोनचे पूरक नियम) उघडून बघा, तिथे आकडा वेगळा बांधलेला असू शकतो. एक राहिलं: पुढची गाडी दिसली की १५० मीटर किंवा ओएचईचे (वरच्या विजेच्या तारेच्या खांबांमधले) दोन मोकळे स्पॅन अंतर ठेवून उभं राहायचं. वळणावर खांब जवळजवळ असतात, दोन स्पॅन १५० भरत नाहीत. तिथे मी तीन मोजायला सांगतो.

डबल_यलो: सेमी-ऑटोमॅटिकचं उत्तर 'ए'च्या दिव्यात आहे. पेटलेला असेल तर वरचाच नियम. विझलेला असेल तर तो स्टेशनच्या ताब्यातला साधा स्टॉप सिग्नल झाला. तिथे मिनिटं मोजून निघालात की सरळ स्पॅड, म्हणजे परवानगीशिवाय लाल ओलांडणं. टी/३६९(३ब), म्हणजे लाल ओलांडायची लेखी परवानगी, हातात येईपर्यंत किंवा कॉलिंग-ऑन (सावकाश पुढे या सांगणारा छोटा सिग्नल) मिळेपर्यंत हलायचं नाही. उन्हात तो 'ए' पुसट दिसतो, तेव्हा एएलपीनेही (असिस्टंट लोको पायलटनेही) स्वतः बघून मोठ्याने सांगायचं. शंका असेल तर विझलेलाच धरा.

जुना_लॉबीवाला: आणि 'ए' विझून 'एजी' पेटलेलं दिसलं तर पुढे फाटक आहे. १ किंवा २ मिनिटं थांबून फाटकापर्यंत सावकाश जायचं, गेटमन हात दाखवत नसेल तर फाटकाच्या अलीकडे पुन्हा उभं राहायचं.