बाबांचे शर्ट, चादरी, टॉवेल एका फेरीत मिळतील असं पुण्यात आता काय उरलंय?

कोथरूडकरीण:
लोकहो सल्ला हवाय. नाव घेत नाही, पण ज्या साखळी दुकानात आम्ही पंधरा वर्षं डोळे झाकून जायचो तिथे परवा बाबांना घेऊन गेले आणि अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. बाबा ७८ चे, गुडघे गेलेत, तिथे लिफ्ट, बसायला जागा, बाथरूम आणि शर्टापासून कुकरपर्यंत सगळं एकाच छताखाली म्हणून त्यांना आवडायचं. आता वरचा मजला बंद, ट्रायल रूममध्ये खोकी रचलेली, स्टुलं गायब, आणि शर्ट म्हणाल तर सगळे स्लिम फिट, बाबांच्या पोटावर बटण लागेल तर शपथ! ४४ साइज विचारला तर तो पोरगा म्हणतो ऑनलाइन बघा मॅडम. अरे ऑनलाइनच बघायचं होतं तर त्यांना रिक्षात कशाला कोंबलं असतं? वर चार हजारांची गिफ्ट व्हाउचरं पडून आहेत ती वेगळीच.

सदाशिवपेठी:
लक्ष्मी रोड. विषय संपला. फक्त सोमवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

कोथरूडकरीण:
अहो गाडी कुठे लावू आणि बाबा कुठे टेकतील तेही सांगा की

जुनाकॅशियर:
मी अशाच एका साखळीत होतो. पुरवठादारांचे पैसे थकले की नवा माल येत नाही, मग चालणारे साइज आधी संपतात आणि कोणालाच न होणारे लटकत राहतात. तुम्ही जे बघितलंत ते हेच असणार. बिग बझार आठवा, २००१ ला सुरू झालं, २६ जानेवारीच्या सेलला दारात चेंगराचेंगरी व्हायची, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडं थकलेली दुकानं रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली, कारण जागांचे करार आधीच त्यांनी स्वतःकडे घेतले होते. डीमार्टवाले बहुतेक जागा विकतच घेतात, तिथे हा प्रकार नाही. तुमची व्हाउचरं मात्र या आठवड्यात संपवा, दिवाळं निघालं तर बँका आधी, आपण रांगेत पार शेवटी. घेत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सोलापूरचीसून:
चादरी टॉवेल सोलापूरचेच घ्या, कोणी येणारं असेल तर सरळ मागवा. नावावर नक्कल खूप खपते म्हणून लेबलवर कारखाना कुठला ते वाचा. आमच्याकडे लग्नातली चादर अजून वापरात आहे, नवरा पण 😀

सदाशिवपेठी:
बरं, शर्टाचं ऐका. रविवार पेठेत कापडगंजात सुती कापड घ्या आणि बाबांना नीट बसणारा जुना शर्ट मापाला म्हणून घराजवळच्या शिंप्याकडे द्या. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी बघून किती मीटर लागेल ते आधी त्यालाच विचारा. बाबांना घराबाहेर पडायलाच नको.

कोथरूडकरीण:
हे भारी आहे, सुचलंच नव्हतं. व्हाउचरांत कुकर आणि तवा उचलला, दुसरं घेण्यासारखं नव्हतंच काही. पण बाबा म्हणतायत कापड मीच निवडणार, म्हणजे रिक्षा आलीच 🙏