नेदरलँड्समध्ये कंपनीच्या नावे जमीन : किंमत कशी ठरवावी, कर कुठे लागेल?

द्राक्षबाग_दिंडोरी
नमस्कार. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षनिर्यातीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. न्हावाशेव्याहून निघालेला माल रॉटरडॅमला उतरला की दुसऱ्याच्या शीतगृहात भाड्याने ठेवावा लागतो आणि भाडे चढू लागले की पडेल भावाने विकावा लागतो. म्हणून तिथेच जागा घेऊन स्वतःचे शीतगृह बांधावे, असा विचार आहे. पसंत पडलेली जागा आमच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या, तिकडेच स्थायिक झालेल्या सख्ख्या भावाच्या कंपनीची आहे. ‘घरचाच व्यवहार आहे, कागदावर सोयीची किंमत लावू,’ असे काही संचालक म्हणतात. मला ते पटत नाही. तिकडे रेडी रेकनरसारखे काही असते का, आणि भारतात कर कुठे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सनदी_कॉलेजरोड
किमतीच्या आधी खरेदीदार ठरवा. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार, कंपनीचे परदेशात कार्यालय असेल तरच तिला स्वतःच्या कामकाजासाठी तिथे थेट जागा घेता येते. त्यासाठी सुरुवातीला पाठवायची रक्कम मागील दोन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (नेट वर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) २५ टक्के, यांपैकी जी जास्त असेल तिच्या आत असावी लागते. तेवढ्यात जमीन बसत नसेल, तर तिथे उपकंपनी काढून तिच्या नावे घ्या. तेव्हा एकूण मर्यादा नक्त मालमत्तेच्या ४०० टक्के असते. शीतगृह चालवणे चालते, नुसती जमिनीची खरेदी-विक्री करणारी उपकंपनी चालत नाही.

आता किंमत. तुमच्या कंपनीवर संचालकांचे आणि विकणाऱ्या कंपनीवर त्यांच्या भावाचे नियंत्रण असेल, तर आयकराच्या दृष्टीने दोन्ही कंपन्या ‘संबंधित’ ठरतात. मग तुम्ही थेट खरेदी केल्यास तो व्यवहार हस्तांतरण मूल्याच्या (ट्रान्सफर प्रायसिंग, म्हणजे संबंधित कंपन्यांनी आपसांत लावलेल्या किमतीच्या) अहवालात दाखवावा लागतो आणि त्रयस्थाला जो भाव दिला असता तोच भाव सिद्ध करावा लागतो. जमिनीवर घसारा मिळत नसल्याने चढी किंमत लावून आज करात काहीच वाचत नाही. उद्या जमीन विकताना मात्र भांडवली नफा कमी दिसतो आणि अधिकाऱ्याचे बोट नेमके तिथेच पडते. शिवाय जास्तीचा पैसा परदेशात नेऊन ठेवल्याचा फेमाखालील प्रश्न वेगळाच. किंमत कमी दाखवूनही उपयोग नाही, कारण डच हस्तांतरण कर (मालमत्ता नावावर होताना लागणारा, आपल्या मुद्रांक शुल्कासारखा) बाजारमूल्य जास्त असेल तर त्यावरच आकारला जातो.

द्राक्षबाग_दिंडोरी
तो कर किती असतो?

सनदी_कॉलेजरोड
निवासी नसलेल्या स्थावरावर १०.४ टक्के, आणि तो खरेदीदार भरतो. मात्र व्यावसायिक विक्रेत्याने विकलेला भूखंड बांधकामाचा ठरला, तर त्याऐवजी साधारणतः २१ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, जो करपात्र व्यवसायाला पुढे वजावटीत मिळू शकतो. म्हणून नोटरीला (तिकडे त्याच्याविना खरेदी होतच नाही) पहिला प्रश्न हाच विचारा. रेडी रेकनरच्या जवळपास जाणारे म्हणजे नगरपालिका दरवर्षी ठरवते ते ‘डब्ल्यूओझेड’ मूल्य; पण ते आदल्या वर्षीच्या १ जानेवारीचे असते आणि स्थानिक करांसाठी असते. सौद्यासाठी तिथल्या स्वतंत्र मूल्यांककाचा, सौद्याच्या तारखेजवळचा अहवाल घ्या.

अंबड_कारखानदार
आम्ही दुसऱ्या देशात उपकंपनीमार्फत जागा घेतली, तेव्हा तिला बिनव्याजी कर्ज दिले आणि तिथेच अडकलो. हस्तांतरण मूल्याच्या तपासणीत न घेतलेले व्याज आमच्या उत्पन्नात धरले गेले. कर्ज युरोत दिलेत तर तुलना युरोतील दराशी व्हावी, रुपयातील दराशी नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असाच निकाल दिलेला आहे. आमच्या फायलीत संचालक मंडळाचा ठराव होता, मूल्यांकन होते, फक्त व्याजदर कसा ठरवला याचा एक कागद नव्हता.

सनदी_कॉलेजरोड
तो कागद कर्ज देण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ ऐवजी २०२५ चा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या अहवालाची नक्कल करून देणाऱ्या सल्लागाराला ते विचारून पाहा.