मदत हवी आहे – टेक्सासचं नर्सिंग लायसन्स आणि नॉर्थ कॅरोलायनाला शिफ्टिंग

नमस्कार मंडळी, मी डॅलसला आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, लायसन्स टेक्सासचं मल्टीस्टेट, म्हणजे एकाच लायसन्सवर इतर काही राज्यांतही काम करता येतं, त्यावरच १३ आठवड्यांचं ट्रॅव्हल कॉन्ट्रॅक्ट (एजन्सीमार्फत दुसऱ्या ठिकाणी जाऊन करायचं तात्पुरतं काम) ॲरिझोनात चालू आहे. आता नवऱ्याची बदली नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला झालीये, तो आणि मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे जातायत आणि मी मात्र कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत इकडेच. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्ही राज्यं कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांची मल्टीस्टेट नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांचा करार) आहेत, पण राहतं घर बदललं की ६० दिवसांत नवीन राज्यात लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो ना, मग ते दिवस मोजायचे कधीपासून, घर हललं तेव्हापासून की मी स्वतः तिथे गेल्यावर? एजन्सीवाली म्हणते काही होत नाही, पण लायसन्सचा प्रश्न आहे हो, मला खरंच झोप लागत नाहीये. ड्रायव्हिंग लायसन्स अजून टेक्सासचंच आहे. कोणी यातून गेलंय का?