'रेकलेस लव्ह' भक्तीत गावं का?

टाळकरी (धागाकर्ता): काल इथे एकाने लिहिलं, "गाण्याचे शब्द कोण बघतं, मन लागलं की झालं." तेव्हापासून डोकं शांत नाही. उपदेशात चुकीचं वाक्य आलं तर दोघेतिघे पाळकांना दाराशी गाठतात. तेच वाक्य गाण्यात आलं की डोळे मिटून चार वेळा म्हणतात. उपदेश सोमवारी विसरतो, गाणं मरेपर्यंत राहतं.

2017 चं 'रेकलेस लव्ह' हे इंग्रजी भक्तिगीत घ्या. रेकलेस म्हणजे बेफिकीर, परिणाम न बघणारा. देवाची प्रीती अशी? बायबलात इफिस 1:4 सांगतं की त्याने जगाच्या स्थापनेपूर्वीच आपल्याला निवडलं. लूक 15:13 मध्ये बायबलचं ईएसव्ही हे इंग्रजी भाषांतर हाच शब्द येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या वागण्याला लावतं. बापाला नाही, पोराला!

बेसगिटार: तोच अध्याय चौथ्या वचनापासून वाचा की. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ एकाच्या मागे जातो. कुठला धनगर असं करेल? आणि तो बाप परतलेल्या पोराकडे धावत सुटतो, हिशेबी माणूस धावत नाही. गीतकार कोरी ॲसबरी यांनी खुलासाही केलाय, की देव बेफिकीर नाही, त्याची प्रीती करण्याची रीत तशी आहे. मी दारूतून बाहेर आलो ते हे गाणं ऐकत. त्या रात्री 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक घेऊन कोणी आलं नव्हतं माझ्याकडे.

टाळकरी: तुमच्या सुटकेबद्दल देवाची स्तुती, मनापासून. पण साक्ष म्हणजे शास्त्राधार नव्हे. आणि तो खुलासा पडद्यावर दाखवता का? मंडळी गाते ते शब्द.

नगरची लेक: इंग्रजी गाण्यांचा कीस पाडताय, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं कुठे गेली ते बोला. आईच्या अंत्यविधीला मी टिळकांचं गीत मागितलं, वाजवणाऱ्या मुलांना चालच येईना. शेवटी चार म्हाताऱ्या बायकांनी पेटीशिवाय म्हटलं. पोटात कालवतं अजून.

बेसगिटार: ताई, चाल शिकवली कोणी? आमच्या चर्चमध्ये तबला कपाटात कुलूपबंद. मागितला तर "पोरं फोडतील". मग आम्ही वर्गणी काढून गिटार आणली, आता तिलाही नावं ठेवता!

पाळकाची सून: टिळकांनाही हीच चाळणी लावा मग. ते ख्रिस्ताला माउली म्हणतात. 1895 ला बाप्तिस्मा घेतला तरी वारकऱ्यांची भाषा त्यांनी सोडली नाही. कुठल्या वचनात आहे माउली?

टाळकरी: यशया 66:13, आई समाधान करते तसा देव करतो. मत्तय 23:37, पिल्लं पंखाखाली घेणारी कोंबडी. शब्द वारीतून आला असेल, शास्त्रात तो उभा राहतो.

पाळकाची सून: छान. मग 2016 च्या 'व्हॉट अ ब्यूटिफुल नेम' या इंग्रजी गाण्यात 'आमच्याशिवाय स्वर्ग तुला नको होता' अशा अर्थाची ओळ आहे, तिला गेल्या महिन्यात पाखंड का म्हणालात? योहान 17:24 मध्ये प्रभू स्वतःच मागतो की मी आहे तिथे माझे लोक असावेत. माउलीला एक नियम आणि या ओळीला दुसरा?

टाळकरी: पाखंड म्हणालो ते जास्त झालं, मागे घेतो. पण इच्छा वेगळी, गरज वेगळी. प्रेषितांची कृत्ये 17:25 प्रमाणे देवाला कशाचीच उणीव नाही. तेवढं समजावून गा. 'रेकलेस'वर मी हटणार नाही.

स्तोत्रवाला: बायबलात 150 स्तोत्रं आहेत, ती गा. धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात मुख्यतः तीच गायची, 1562 पर्यंत सगळी छंदात बसवून झाली होती.

पाळकाची सून: त्यात येशूचं नाव कुठाय? प्रकटीकरण 5:9 मध्ये कोकऱ्यासाठी नवं गीत आहे.

स्तोत्रवाला: बरं. पण स्तोत्र 13 सारखं "हे परमेश्वरा, किती वेळ?" असं विचारणारं एक तरी गाणं तुमच्या तरुण संघाच्या यादीत दाखवा.

नगरची लेक: हेच! मला त्या दिवशी रडायला शब्द हवे होते. पडद्यावर विजयाचं गाणं लागलं होतं.

बेसगिटार: यादीत नाही, खरंय. ताई, ती चाल रेकॉर्ड करून पाठवा, शनिवारी बसवतो. ड्रमवर.

नगरची लेक: अभंगाला ड्रम नको. पाळकांना फोन करते, कपाटाची किल्ली मागते.