'फॉर्मल नाइट'ला मराठीत काय म्हणावे?

निशिगंध
घरातले नऊ जण मिळून सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. सगळी माहिती मराठीत करून घरच्यांना पाठवायचे काम माझ्याकडे आहे. बुकिंग केले त्या प्रवास कंपनीच्या मराठी पत्रकात एक ओळ आहे : 'दोन औपचारिक रात्री. औपचारिक वस्त्रसंहिता पाळावी.' म्हणजे जहाजावरच्या 'फॉर्मल नाइट', नटूनथटून जेवायला जायच्या रात्री. ते वाचून आत्याचा फोन आला, "औपचारिक म्हणजे नुसतं तोंड दाखवून यायचं ना गं? मग त्याला वेगळे कपडे कशाला?"

यात आत्याची काय चूक? आपण 'औपचारिक भेट' म्हणतो तेव्हा तिच्यात जीव नसतो असेच सुचवायचे असते. मला असा शब्द हवा आहे की तो वाचून माणूस बॅगेत बरोबर कपडे भरेल. 'स्मार्ट कॅज्युअल' आणि 'ब्लॅक टाय'साठीही सुचवा.

जुनी वही
आत्याबाईंचा कान अगदी बरोबर आहे. औपचारिक हा शब्द 'उपचार'वरून आला. षोडशोपचार पूजेतला उपचार म्हणजे आदराने, यथासांग केलेली सेवा. म्हणजे मुळात या शब्दात थाट होताच. पण वापरून वापरून तो झिजला आणि आता 'औपचारिकता उरकली' एवढाच उरला. इंग्रजी 'फॉर्मल'मधला नटण्याचा भाग त्यातून पार गेला आहे.

माझे मत विचाराल तर सरळ 'ठेवणीतले कपडे' लिहा. घडी करून वेगळे ठेवलेले, खास प्रसंगालाच बाहेर निघणारे. हे वाचल्यावर कोणालाही आपल्या कपाटातला नेमका कप्पा आठवतो. 'भरजरी' नको, त्यात जर आलीच पाहिजे. 'वस्त्रसंहिता'ही नको. संहिता म्हटले की कायदा आणि शिक्षा डोळ्यांपुढे येतात. 'पोशाखाचा संकेत' म्हणा.

आणि आपल्याकडे पायऱ्या तयारच आहेत : घरात घालायचे, बाहेर जायचे, ठेवणीतले. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे यातली मधली पायरी, 'बाहेर जायचे नीटनेटके कपडे'. त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज मला तरी वाटत नाही.

गलबत
काका, 'ठेवणीतले' फार आवडला, पण तो एकटा पुरणार नाही. ठेवणीतले काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. जहाजावर अपेक्षा थोडी ठरलेली असते, शिवाय कंपनीगणिक नाव बदलते. कार्निव्हलवर 'क्रूझ एलिगंट', सेलिब्रिटीवर 'ईव्हनिंग शिक', क्युनार्डवर 'गाला ईव्हनिंग'. तिघींत क्युनार्ड सगळ्यांत कडक : गालाला पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, बायकांनी गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख. उलट नॉर्वेजियनवर फॉर्मल कपड्यांची सक्ती नाहीच. म्हणून मराठी शब्दाबरोबर आपल्या जहाजावरचे मूळ नाव देवनागरीत ठेवाच, म्हणजे तिथला फलक वाचताना घोटाळा होत नाही.

'ब्लॅक टाय'चे मात्र भाषांतर करू नका, कळकळीने सांगतो. आमच्या मेहुण्यांनी 'काळा टाय' असे वाचले आणि निळ्या चेकच्या शर्टावर लांब काळा टाय बांधून आले. कोट नव्हताच. दारातल्या माणसाने अदबीने कोटाबद्दल विचारले, तेव्हा त्यांचा हात आपोआप टायच्या गाठीकडे गेला. तो हात मला अजून दिसतो. मग आम्ही सगळेच बुफेत जेवलो. तिथे त्या रात्रीही साधे कपडे चालतात, ही गोष्टसुद्धा पत्रकात लिहा. लहान मुले कंटाळली की तिचा फार उपयोग होतो.

जुनी वही
गलबतराव, उदाहरण अचूक दिलेत. भागावरून अख्ख्याचा बोध, म्हणजे लक्षणा. ब्लॅक टाय म्हणजे काळा बो टाय, पांढरा शर्ट, काळे किंवा गर्द निळे डिनर जॅकेट, त्याच कापडाची पँट आणि काळे चकचकीत बूट, एवढा सगळा जामानिमा. त्यालाच अमेरिकेत टक्सीडो म्हणतात. हे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सीडो पार्कवरून पडले, तिथला क्लब १८८६चा. शब्दाचा शब्द केला की जामानिमा जातो आणि नुसता टाय उरतो.

याच पोशाखात आपल्या ओळखीचा एक शब्द लपला आहे. कमरेला चुण्यांचा रुंद पट्टा असतो, त्याला इंग्रजीत 'कमरबंड' म्हणतात. तो आपला कमरबंदच! मूळ फारसी, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला. उकाड्यात वास्कटाऐवजी इंग्रज अधिकारी तो बांधू लागले. त्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघडणाऱ्या ठेवतात. पत्रकात तो बेधडक 'कमरबंद' लिहा.

निशिगंध
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या जहाजावर टक्सीडोची सक्ती नाही, गडद सूट चालतो. आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो, हे कंपनीकडून लेखी घेतले. आता घरच्यांना हे पाठवते आहे :

'दोन रात्री ठेवणीतले कपडे (जहाजावर याला फॉर्मल नाइट म्हणतात). पुरुषांनी गडद सूट आणि टाय, कोट विसरू नये. बायकांनी लांब गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा समारंभात नेसतो-घालतो ते. मुलग्यांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट, मुलींना चांगला फ्रॉक. बाकीच्या रात्री बाहेर जायचे नीटनेटके कपडे. पोहायचे कपडे आणि बनियन घालून जेवायला येऊ नये. पहिल्या रात्री ठेवणीतले लागणार नाहीत, कारण बॅगा खोलीत उशिरा येतात. ज्यांना नटायचे नाही त्यांनी बुफेत जावे.'

आत्याला आधी वाचून दाखवले. म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना तसं," आणि फोन चालू ठेवूनच कपाट उघडायला गेली.