कॅन्डिडेट आणि हरिश्चंद्र

सेक्रेटरी: कमिटी निवडणुकीचे नामनिर्देशन अर्ज ऑफिसात ठेवलेत. प्रत्येक कॅन्डिडेटला सूचक आणि अनुमोदकाची सही लागेल.

ए-१०३: कॅन्डिडेट म्हणजे ‘कॅन्डिड’ माणूस ना? मनमोकळा, प्रामाणिक?

बी-२०४ काका: नाही, एकातून दुसरा निघालेला नाही. दोन्ही आले लॅटिन ‘कॅन्डिडस’वरून, म्हणजे लखलखीत पांढरा. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडू चोळलेला टोगा पांघरायचा. टोगा हे लोकरीचं मोठं वस्त्र. एरवी त्याचा रंग लोकरीचाच, त्यामुळे खडू लावलेला टोगा गर्दीत लांबूनही उठून दिसे. तो घातलेला माणूस ‘कॅन्डिडेटस’.

सी-३०२ ताई: आपले पुढारी पांढरे कपडे घालतात ते यावरूनच का काका?

बी-२०४ काका: नाही हो ताई, ती खादीची, स्वातंत्र्य चळवळीतली परंपरा. रोममध्ये तर या पांढऱ्यावर आक्षेपच होता. इ.स.पू. ४३२ च्या सुमारास मतं मागताना कपड्याला पांढरं लावायला बंदी घातली, असं लिव्ही हा इतिहासकार सांगतो. प्रथा काही थांबली नाही. इ.स.पू. ६४ मध्ये सिसेरो हा वक्ता कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदासाठी उभा होता, त्या वेळच्या त्याच्या भाषणाचं नावच ‘पांढऱ्या टोग्यात’ असं आहे.

ए-१०३: मग मतं मागत फिरायचेही का?

बी-२०४ काका: हो तर! त्या फिरण्याला ‘अँबिटिओ’ म्हणत, इंग्रजी ‘अँबिशन’ तिथूनच आलं. मतांसाठी पैसे चारणं म्हणजे ‘अँबिटस’, आणि त्याबद्दल खटले चालत.

सी-३०२ ताई: आणि आपला ‘उमेदवार’?

बी-२०४ काका: तो फारसी. उमेद म्हणजे आशा. पण कॅन्डिडसचं आपल्याशी खरंच नातं आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. लॅटिन ‘कॅन्डेरे’ म्हणजे चकाकणं. ‘कॅन्डल’ त्यातलीच, आणि संस्कृत ‘चंद्र’ही त्याच मुळाचा. म्हणजे आपलं चांदणंसुद्धा!

ए-१०३: क आणि च? पटत नाही काका.

बी-२०४ काका: संस्कृतात त्या क चा च झाला. शिवाय ऋग्वेदात ‘श्चंद्र’ असं जुनं रूप सापडतं, अर्थ चमकणारा. पुढे श् गळला, पण एका नावात राहिला. हरि आणि चंद्र जोडून बघा, ‘हरिचंद्र’ व्हायला हवं. आपण म्हणतो हरिश्चंद्र.

सी-३०२ ताई: अरे हो! संस्कृतच्या तासाला हा श् कुठून आला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

बी-२०४ काका: पाणिनीलाही त्यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं: ‘प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी’. त्याच्या ‘अष्टाध्यायी’त सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात आहे, नक्की बघा.