मदत हवी आहे : ऑगस्टमध्ये पहिलाच हिमालय ट्रेक, बाप-लेक दोघंच

नमस्कार मंडळी,

मी ४८ वर्षांचा, मुलगी १९ ची. बीएस्सीला बॉटनी घेतलंय तिने. येत्या ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना हिमालयात पहिला ट्रेक करायचाय. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत रजेचं नाव काढता येत नाही आणि मे-जूनमध्ये तिच्या परीक्षा असतात. राहिले जुलै-ऑगस्ट. "सप्टेंबरअखेरीस जा, आकाश स्वच्छ मिळतं" हे खरंच आहे, पण आम्हाला ते जमणारं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शिवाय तिला फुलं बघायचीत आणि ती पावसातच येतात.

पंधरा वर्षं सह्याद्रीत भर पावसात फिरतोय. लेक सातवीपासून सोबत आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई सगळं पावसात झालंय. धुक्यात वाट चुकणं, ओढा फुगला म्हणून तीन तास अलीकडेच बसून राहणं, हेही झालंय. पण माझी शंका इथूनच सुरू होते. कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या वर आम्ही आयुष्यात कधी गेलेलो नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या पायथ्याच्या घांगरिया गावात नुसतं झोपायचं म्हटलं तरी उंची ३,०५० मीटरच्या आसपास. आपला पाऊस कोमट असतो, भिजलं तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं. चार हजार मीटरवर वारा आणि पाऊस एकत्र आला तर काय होतं, याची आम्हाला कल्पनाच नाही. मग पावसाची सवय ही आमची जमेची बाजू, की तिच्याच भरवशावर आम्ही फसणार? तिकडे जाऊन आलेल्यांकडून मला हे समजून घ्यायचंय.

आतापर्यंत जे वाचलंय, त्यावरून चार पर्याय समोर आहेत.

पहिला उत्तराखंडमधला व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलांचा भर असतो. लेकीचं मन तिथेच आहे. आपल्या गौरीच्या तेरड्याचे भाऊबंद तिथे डोंगरच्या डोंगर गुलाबी करतात, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की आता माझंही मन तिथे जाऊन बसलंय. कास पठार तिने पाचदा पाहिलंय, आता हे बघायचंय. अडचण रस्त्याची. ऋषिकेश ते गोविंदघाट सुमारे २७० किलोमीटर, आणि तो सगळा रस्ता दरडींचा.

दुसरा हम्प्ता पास. कुलूच्या हिरव्या बाजूने चढून लाहौलच्या कोरड्या बाजूला उतरायचं, हे वाचूनच भूल पडते. पण खिंड साधारण ४,२७० मीटरवर, मुक्काम तंबूत, आणि बर्फाच्या पाण्याचे ओढे ओलांडायचे. काश्मीर ग्रेट लेक्सला पाऊस कमी असतो म्हणतात, पण ते आठवडाभराचं काम आहे, पहिल्याच वेळी तेवढं नको वाटतं. लडाख पर्जन्यछायेत खरं, पण विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरायचं हे मला पटत नाही. आणि कोरडं म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही, लेहला ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटी झालीच होती.

एका ट्रेक कंपनीला फोन केला होता. "पावसाचं काही टेन्शन नाही, रेनकोट आणा" एवढं सांगून त्यांनी पैसे भरायची लिंक पाठवली. मला टेन्शन आहे, म्हणूनच तर विचारत होतो. तिथे पैसे भरले नाहीत.

तयारी म्हणून गेल्या महिन्यात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर दोन दिवस मुद्दाम पावसात राहून आलो, पाठीवर तिकडे नेणार तेवढंच वजन घेऊन. सॅकला रेनकव्हर होतं. वर पोचल्यावर बघतो तर कव्हरच्या तळाशी तांब्याभर पाणी साचलेलं, आणि पाठीकडची बाजू, जी कव्हरमध्ये येतच नाही, तिथून पाणी झिरपत थेट स्लीपिंग बॅगपर्यंत गेलेलं. माझ्या स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू पिळून काढावी लागली. रात्रभर पाय गार. तिथे एका रात्रीने भागलं, तिकडे भागणार नाही हे लक्षात आलं. घरी येऊन खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक स्वच्छ धुऊन सॅकच्या आत अस्तरासारखं घातलं, तोंड पिळून बांधलं, आणि सॅक नळाखाली अर्धा तास धरली. आत थेंब नाही. सुती कपडे बाद केले. झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत, मुक्कामाला पोचल्याशिवाय ती पिशवी उघडायची नाही असं ठरलंय.

तब्येतीचं सांगतो. मला बीपीची एक गोळी रोज चालू आहे, बीपी आटोक्यात आहे. उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. लेक ठणठणीत, पण लहानपणी सल्फाच्या औषधाने तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सच्या गोळ्या बरोबर ठेवा असं सगळीकडे वाचतोय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता जे सगळ्यात जड आहे ते. लेकीच्या आईचा ठाम विरोध आहे. माळीण, तळीये, इर्शाळवाडी आपण सगळ्यांनी पाहिलंय. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत खीर गंगेच्या लोंढ्याने काही क्षणांत गाव कसं गाडलं, तो व्हिडिओ तिने बघितलाय आणि तो तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. तिला "काही होत नाही गं" म्हणणं मला खोटेपणाचं वाटतं. तिला सांगता येईल असं माझ्या हातात काहीतरी ठोस हवंय : कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं, कशाला नाहीच म्हणायचं. मिळालं तर जाऊ. नाहीतर यंदा कास सहाव्यांदा.

रजा अकरा दिवसांची मिळतेय. परतीचं तिकीट किती दिवस राखून काढू?

प्रतिसाद

दादा, मी दोनदा ऑगस्टमध्ये व्हॅलीला गेलोय, एकदा व्हॅली न बघताच परत आलोय. दोन्ही अनुभवांवरून सांगतो, तुमच्यासाठी व्हॅलीच बरी. फुलं हे कारण आहेच, पण मोठं कारण असं की घांगरियाला रात्री डोक्यावर छप्पर आणि कोरडं अंथरूण मिळतं. उद्यानात मुक्कामाला बंदी आहे, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर. त्यामुळे रोज सकाळी आकाश बघून जायचं की नाही ते ठरवता येतं. खिंडीच्या ट्रेकमध्ये तसं नसतं, अर्ध्यावर हवा बिघडली तर पुढे जाणं आणि मागे फिरणं दोन्ही अवघड होतं. पहिल्या वेळी ते नको.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : पावसात चालायची सवय तिथे उपयोगी पडते, डोंगराबद्दलचा अंदाज पडत नाही. आपला कातळ जुना आणि घट्ट आहे. तिकडचा डोंगर कोवळा, ठिसूळ. पाऊस थांबून ऊन पडलं की आपण निघायची घाई करतो, आणि तिकडे ऊन पडल्यावरही वरून दगड येत राहतात. दरड पडलेल्या जागी गाडीतून उतरून बघत उभं राहू नका. जेसीबीवाल्यांनी आणि पोलिसांनी सोडलं की थांबा न घेता पार व्हा.

खरा धोका ट्रेकपेक्षा रस्त्यावर आहे. ऋषिकेशहून पहाटे निघा आणि उजेडात मुक्काम गाठा. जोशीमठपर्यंत पोचणं होत नसेल तर पिपलकोटीला थांबा. गढवालमधल्या श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधलं सिरोबगड दर पावसाळ्यात अडवतं, तिथे काही तास जाणार असं धरूनच चाला. चमोली जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी जिथे आहात तिथून हलायचं नाही. खोली घेताना नदीकाठची किंवा नाल्याच्या तोंडाशी असलेली घेऊ नका, कितीही छान दिसली तरी. वहिनींना या गोष्टी कागदावर लिहून द्या आणि तुम्हीही पाळा.

उंचीचं : पहिली रात्र जोशीमठला, ते १,९०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी गोविंदघाटहून जीपने पुलना, तिथून नऊ-दहा किलोमीटर चालत घांगरिया. तिसरा दिवस व्हॅली. हेमकुंड, म्हणजे घांगरियाच्या वरचं कुंडाकाठचं गुरुद्वारा, चौथ्या दिवशी, आधी नाही. सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर चढ आहे आणि कुंड चार हजारांच्या पुष्कळ वर, पण झोपायला खालीच यायचं असतं म्हणून निभतं. तुमच्या लेकीला ब्रह्मकमळ त्याच वाटेवर वरच्या टप्प्यात दिसेल. लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळतो, भिजून पोचलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. डोकं दुखून मळमळायला लागलं, जेवण नको वाटलं, तर त्या दिवशी वर जायचं नाही. आराम करूनही वाढतच गेलं, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. हेमकुंडसाठी चारधाम यात्रेची नोंदणी लागते, व्हॅलीचा परवाना वेगळा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. वाटेवर खेचरं येतात. ती जाऊ देताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझ्याचा नुसता धक्का पुरतो. आणि गुडघ्यासाठी दोन काठ्या घ्या, उतार दगडी आहे आणि ओला असतो.

परतीचं तिकीट दोन दिवस राखून. एक जाताना जाईल, एक येताना. मी तेच केलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा पिपलकोटीहून मागे फिरलो.

प्रतिसाद

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, हे सल्फोनामाइड गटातलंच औषध आहे. मुलीच्या जुन्या पुरळाचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही गोळी देऊ नका. दुकानातून परस्पर घेऊन तर मुळीच नाही. तुमच्या बीपीच्या गोळीचं नावही त्यांना दाखवा, काही गोळ्या मुळातच लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या असतात आणि डायमॉक्सही तेच करतं. तुमच्या आराखड्यात घांगरियाच्या वर झोपायचंच नाहीये, त्यामुळे गोळीपेक्षा सावकाश चढणं आणि पाणी पीत राहणं हेच मुख्य.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खेचरांचं मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

काल रात्री हा पहिला प्रतिसाद लेकीच्या आईला मोठ्याने वाचून दाखवला. नदीकाठच्या खोलीचं ऐकून तिने तो भाग परत वाचायला लावला. मग तिनेच एक कागद घेतला आणि लिहायला बसली : अलर्ट असेल तर हलायचं नाही, अंधारात गाडी नाही, नाल्याजवळ मुक्काम नाही, बापाला धाप लागली तर लेकीने ठरवायचं आणि बापाने ऐकायचं. शेवटचं कलम तिचं स्वतःचं. खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. होकार मिळालाय.

हम्प्ता यंदा नाही. दोन दिवस राखून तिकीट काढतोय. तरीही व्हॅली हुकली तर हुकली, पिपलकोटीहून मागे फिरायची तयारी ठेवलीय. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय.

आता दोनच गोष्टी राहिल्या. बूट वॉटरप्रूफ घ्यावेत की पटकन सुकणारे? वॉटरप्रूफमध्ये वरून एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं, हे इथे अनुभवलंय, पण तिकडच्या थंडीत काय बरं पडेल ते कळत नाही. आणि दुसरं लेकीसाठी. उद्यानात फूल तोडता येत नाही, म्हणून जे दिसेल ते तिला जागेवरच वहीत काढायचंय आणि टिपायचंय. हरिश्चंद्रगडावर शाईचं पेन वाहून गेलं, पेन्सिल टिकली पण कागदाचा लगदा झाला. भर पावसात वही सांभाळायची काही युक्ती कुणाला माहीत आहे का?